मिडवेची लढाई नशिबानं जिंकली की तयारीनं?

धागाकर्ता:
सेनापतींच्या डावपेचांवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि नशिबाची बोळवण एका ओळीत होते. मला हे पटत नाही. दुसरं महायुद्ध, ४ जून १९४२, प्रशांत महासागरातलं मिडवे बेट. अमेरिकी वैमानिक मॅक्लस्की बाँबफेकी विमानं घेऊन ठरल्या जागी पोहोचला, तर खाली नुसता समुद्र. इंधन संपत आलेलं. तेवढ्यात एकटीच वेगानं निघालेली जपानी विनाशिका दिसली, 'अराशी'. एका अमेरिकी पाणबुडीवर हल्ले करायला ती मागं थांबली होती आणि आता ताफा गाठायला धावत होती. मॅक्लस्कीनं तिचीच दिशा धरली. थोड्याच वेळात तीन जपानी विमानवाहू नौका पेटल्या. अराशी दिसलीच नसती तर?

प्रतिसाद:
साफ असहमत. मुळात अमेरिकी नौका तिथं दबा धरून होत्या त्या सांकेतिक संदेश फोडल्यामुळे. जपानी संदेशांतलं 'एएफ' हे ठिकाण म्हणजे मिडवेच का, याची खात्री करायला तिथून मुद्दाम खोटा संदेश सोडला : गोड्या पाण्याचं यंत्र बिघडलंय. जपान्यांनी कळवलं, 'एएफ'वर पाण्याची टंचाई! हे नशीब? आधी कोरल समुद्रातल्या लढाईत मार खाल्लेली अमेरिकी विमानवाहू नौका 'यॉर्कटाउन' जेमतेम तीन दिवसांत डागडुजी करून पुन्हा बाहेर काढली. त्या तीन जपानी नौकांतली 'सोर्यू' 'यॉर्कटाउन'च्याच विमानांनी पेटवली.

धागाकर्ता:
संदेश फोडल्यानं अमेरिकी तिथं पोहोचले, एवढंच. पण दोन वेगळ्या अमेरिकी नौकांवरची विमानं, आपसांत काही ठरलेलं नसताना, एकाच वेळी वर आली. तेव्हा जपानी लढाऊ विमानं पाणतीरवाल्यांच्या, म्हणजे खालून उडत टॉर्पेडो सोडणाऱ्या अमेरिकी विमानांच्या मागं खाली उतरलेली. त्या पाणतीरवाल्यांच्या एका तुकडीची पंधराच्या पंधरा विमानं पडली, एकच माणूस वाचला. हे कुठल्या योजनेत होतं?

दुसरा प्रतिसाद:
नशीब पदरात पडूनही वाया जातं, त्याचं काय? सप्टेंबर १८६२, अमेरिकी यादवी. दक्षिणेचा सेनापती ली याचा गुप्त हुकूम तीन सिगारींना गुंडाळलेला उत्तरेच्या सैनिकांना सापडला. लीचं सैन्य विखुरलंय हे उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन याला आयतं कळलं, तरी बहुतेक सैन्य हलायला दुसरा दिवस उजाडला. अँटिएटमच्या लढाईनंतर ली माघारी फिरला, पण निसटला.

तिसरा प्रतिसाद:
अकबराच्या फौजेशी लढलेल्या हेमूला विसरू नका. पानिपत, ५ नोव्हेंबर १५५६. डोळ्यात बाण लागला, हत्तीवरचा सेनापती दिसेना, फौज उधळली. सगळे बाणाला दोष देतात. तोफखाना पुरेशा संरक्षणाविना पुढं धाडला आणि लढाईआधीच मुघलांच्या हाती दिला, ही घोडचूक कुणाची?

धागाकर्ता:
चूक हेमूचीच. पण तोफा गेल्यावरही त्याचं पारडं जड होतं, तो बाण लागेपर्यंत.