सोसायटीत पार्सल लॉकर: पोलंडचं गणित इथे लागतं का?

घोडबंदरकर
कालच्या धाग्यात एकांनी ठामपणे लिहिलंय, "पोलंडमध्ये जागोजागी पार्सल लॉकर आहेत, आपल्या सोसायट्यांनीही बसवावेत, डिलिव्हरीची कटकट कायमची मिटेल." राहवलं नाही म्हणून लिहितोय. इनपोस्ट ही कंपनी तिथे २००९ पासून लॉकर, म्हणजे फोनवरच्या कोडने उघडणाऱ्या छोट्या दारांची कपाटं, लावते आहे, पण तिथे लॉकरही तिचा आणि गाडीही तिची. गिऱ्हाईक ऑर्डर देतानाच लॉकर निवडतं. ड्रायव्हर एकदाच थांबतो आणि ढीगभर पार्सलं तिथेच रिकामी करतो. पैसे वाचतात ते त्या एका थांब्यामुळे.

आपल्या गेटवर सहा-सात कंपन्यांची माणसं वेगवेगळ्या वेळी येतात. ओटीपी घरमालकाच्या फोनवर, कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे हातात घ्यायचे, महागड्या मोबाइलला ओपन बॉक्स, म्हणजे खोकं गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवायचं. हे लॉकर कसं सांभाळणार?

आणि दारांचा हिशेब कोणी केलाय? समजा २४० फ्लॅट, दिवसाला ६० पार्सलं लॉकरजोगी. प्रत्येक पार्सल सरासरी दोन दिवस पडून राहिलं तर १२० दारं लागतील. विक्रेता ४० दारांचं कपाट दाखवतो.

लोखंडी_कपाट
दोन दिवस का धरलेत? इनपोस्टची मुदतच ४८ तासांची आहे. पहिले १२ तास फुकट, पुढे तासागणिक आकार, असा ठराव सर्वसाधारण सभेत करा. लोक कामावरून येताना पार्सल उचलतील आणि एक दार दिवसातून दोनदाही वापरलं जाईल.

मापांचं कुणी बोलत नाही. इनपोस्टची तीन मापं आहेत: रुंदी ३८ आणि खोली ६४ सेंटीमीटर तीच, उंची फक्त ८, १९ आणि ४१. आपल्याकडे कपडे, पुस्तकं, चार्जर यांचीच गर्दी, म्हणून ४० पैकी २४ दारं तरी लहान हवीत. लहान भरली की डिलिव्हरीचा पोरगा मोजे ठेवायलाही मोठं दार उघडतो, आणि मिक्सर आला की जागा नसते.

पावसाचंही बघा. कपाट १५ सेंटीमीटरच्या ओट्यावर, वर पुढे आलेली शेड, मागे हवेला जागा, बिजागऱ्या स्टेनलेसच्या. कंट्रोल बोर्ड वरच्या भागात. तळाशी बसवलेला बोर्ड पहिल्याच जुलैत जातो. कुलपं १२ व्होल्टची, उघडताना क्षणभरच वीज घेतात. बॅटरी खातो तो स्क्रीन. जर्मनीत डीएचएल या कुरिअर कंपनीच्या बऱ्याच नव्या पॅकस्टेशनांना, म्हणजे तिच्या लॉकरना, स्क्रीनच नाही, फोनवरून ब्लूटूथने उघडतात.

चौथा_जिना
तुम्ही दोघं कपाट मोजताय. डिलिव्हरीवाल्याचा वेळ जातो कुठे? गेटवर नोंद, फ्लॅटच्या होकाराची वाट, आणि मग मुख्य लिफ्ट त्याला बंद, तशी पाटीच लावलेली. सर्व्हिस लिफ्टमध्ये रॅबिटच्या, म्हणजे तोडफोडीच्या राडारोड्याच्या, गोण्या चढत असतात. बावीस मजल्यांच्या इमारतीत एका पार्सलला पंधरा मिनिटं, आणि त्याला पैसे मिळतात पार्सलमागे. आधी लिफ्ट उघडा. लॉकर म्हणजे त्यांना आत न घेण्याची सोय आहे.

लोखंडी_कपाट
हा आरोप मला मान्य नाही. लॉकरमुळे तो दोन मिनिटांत मोकळा होतो, हे त्याच्याच फायद्याचं आहे.

चौथा_जिना
जागा असली तर! लॉकर भरलेला निघाला की तो परत गेटवर, परत होकार, परत तीच लिफ्ट. पार्सल परत नेलं तर फेरी फुकट आणि शेरा त्याच्या नावावर. 'लॉकर आहे ना' म्हणून वॉचमन वर सोडत नाही, ते आणखी वेगळं. पाण्याचे जार, तांदळाची गोणी, इन्सुलिन, हे लॉकरमध्ये जाणारच नाही. म्हणजे माणूस वर येणारच, मग लिफ्टवरची पाटी कशासाठी? त्या पाटीवर सभेत कुणी चकार शब्द काढत नाही, याचा मला खरंच राग येतो.

घोडबंदरकर
धागा लॉकरचा आहे, लिफ्टचा नाही.

चौथा_जिना
लिफ्टचाच आहे. टपाल खात्याचा डिजिपिन, म्हणजे पत्त्याचा डिजिटल कोड, साधारण चार बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो, पण त्याच चौकोनावर बावीस मजले उभे असतात. पत्ता गेटपर्यंत सापडतो, खरा खर्च त्यापुढच्या उभ्या प्रवासाचा आहे. तो कमी करायचे दोन मार्ग, लिफ्ट किंवा लॉकर, आणि लिफ्ट आधीच बांधलेली आहे.

लोखंडी_कपाट
ठीक आहे, पाटी काढा, त्याला माझा विरोध नाही. भरलेल्या लॉकरचंही तुमचं बरोबर. रिकामी दारं किती, हे त्याला गेटवर यायच्या आधी ॲपमध्ये दिसायला हवं. प्रत्येक विक्रेता ही सोय देईलच असं नाही, करारात लिहून घ्या. ज्येष्ठांना कंबरेच्या उंचीचंच दार मिळेल, हेही सॉफ्टवेअरमध्ये बसवता येतं. पैशांचं म्हणाल तर दार उघडण्याआधी यूपीआयने भरणा होऊ शकतो.

घोडबंदरकर
यूपीआयचं मानतो. ओपन बॉक्सचं उत्तर अजून आलेलं नाही, त्या वस्तू लॉकरबाहेरच ठेवा. आणि लॉकरला जिना, लॉबी, रेफ्युज एरिया (उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) यातली एकही जागा चालणार नाही, आग लागली तर तीच वाट असते.

एक प्रश्न राहतोच. दार अडकलं की हाताने उघडायची किल्ली कुणाकडे? वॉचमनकडे ठेवली तर एक पार्सल हरवताच संशय त्याच्यावर. कंपनीकडे ठेवली तर रविवारी फोन उचलत नाहीत. सीलबंद पाकिटात, सोसायटीच्या कपाटात, दोन सह्यांशिवाय निघणार नाही अशी ठेवणार असाल तरच माझा हात वर.

चौथा_जिना
त्याच ठरावात लिफ्टची पाटी घाला, दुसरा हात माझा.