दात काढताच बसवलेले इम्प्लांट दहा वर्षांनी कसे असते?

प्रश्न
माझ्या वरच्या पुढच्या दाताचे जुने रूट कॅनल आहे. गेल्या महिन्यात चिक्की खाताना त्याचे मूळ उभे तडकले. एका दंतवैद्यांच्या मते दात काढून त्याच बैठकीत इम्प्लांट बसवावे, कारण थांबल्यास हाड झिजते. दुसऱ्यांनी दोन महिने थांबायला सांगितले आहे. वय ४६, मधुमेह नाही, तंबाखू नाही. एका वर्षाचा निकाल सगळेच सांगतात, मला त्यापुढचे हवे आहे.

प्रतिसाद १ (दंतवैद्य)
हाड वाचावे म्हणून लगेच इम्प्लांट, हा युक्तिवाद आता टिकत नाही. दात ज्या खोबणीत बसतो तिच्या आतला हाडाचा पातळ थर दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंवर जगतो आणि दात गेला की तोही विरतो. तिथे इम्प्लांट, म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, बसवल्याने हे थांबत नाही, असे आराउजो आणि लिंडे या संशोधकांच्या २००५ मधील कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले. पुढच्या वरच्या दातांत ओठाकडची हाडाची भिंत बहुधा १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, त्यामुळे झीज तिथेच जास्त होते. २०१९ च्या एका एकत्रित आढाव्यात लगेच बसवलेली सुमारे ९५ टक्के, तर खोबण आपोआप हाडाने भरून आल्यानंतर बसवलेली सुमारे ९९ टक्के इम्प्लांट टिकलेली आढळली. फरक मोठा नाही, पण आहे. आणि निकामी होणारी बहुतेक सुरुवातीच्या काही महिन्यांतच जातात.

प्रतिसाद २
‘टिकले’ म्हणजे काय, हेही विचारून घ्यावे. माझे इम्प्लांट अकरा वर्षांचे आहे, त्यावर मी ऊससुद्धा खातो. पण हिरडी वर सरकल्याने कॅपच्या कडेला करडी रेघ दिसते आणि फोटो काढताना ओठ आपोआप मिटतात. आकडेवारीत मात्र मी यशस्वीच.

प्रश्नकर्ता
स्कॅन आजच मिळाला. ओठाकडच्या भिंतीत तड्याच्या रेषेत अर्ध्या मुळापर्यंत हाड नाही, असे लिहिले आहे.

प्रतिसाद १ (दंतवैद्य)
उभ्या तड्यात हेच अपेक्षित असते, कारण फटीतून शिरलेला जंतुसंसर्ग ती भिंत खाऊन टाकतो. भिंत शाबूत, हिरडी जाड, इम्प्लांट टाळूच्या बाजूला रोवून त्याच्या आणि भिंतीच्या मधली फट हाडाच्या कणांनी भरलेली, आणि बसवताना पकड पुरेशी घट्ट, एवढे जुळले तर मीही त्याच दिवशी बसवतो. तुमच्या बाबतीत पहिलीच अट मोडली आहे. दात काढून चार ते आठ आठवड्यांत हिरडी मिटू द्यावी, मग इम्प्लांटसोबतच हाड भरून घ्यावे. तोवर काढता येणारा तात्पुरता दात चालेल, फक्त तो जखमेवर दाबत नाही ना, हे बसवतानाच पाहून घ्या.