म्युकरला (काळ्या बुरशीला) साडेचार वर्षं झाली. टाळूची प्लेट बदलू की पायाचं हाड बसवून घेऊ?

डबलडेकर, लालबाग

नमस्कार मंडळी. मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, यंदा रिटायर झालो. एप्रिल २०२१ मध्ये ड्युटीवर असतानाच कोविड झाला. शुगर आधीपासूनची. एका खाजगी नर्सिंग होममध्ये नऊ दिवस काढले. स्टेरॉइड चालू होतं आणि शुगर ४०० च्या खाली यायचं नाव घेत नव्हती. घरी सोडलं तेव्हा कागदावर स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या, 'शुगर तपासत राहा' एवढं एक वाक्य मात्र नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही, पण तो विषय आज नको.

आठवड्याभराने दाढी करताना डाव्या गालावर ब्लेड फिरतंय की नाही हेच कळेना. मग वरच्या दाढा हलू लागल्या. जिभेने दाबलं की चारही एकदम खाली-वर, पेटीच्या पट्ट्या दाबाव्यात तशा. पालिकेच्या हॉस्पिटलात गेलो, एमआरआय झाला, तुकडा तपासला, म्युकर निघालं. डावीकडचा वरचा जबडा, अर्धी टाळू आणि सायनस काढलं. डोळा वाचला. वजन ६० किलो, म्हणून ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या इंजेक्शनच्या रोज ६ कुप्या. त्या मे महिन्यात ते इंजेक्शन म्हणजे सोनं होतं, मुलगा कुठून कुठून फिरला ते त्यालाच ठाऊक. पोटॅशियम उतरायचं, किडनीचं क्रिएटिनिन २ च्या वर गेलं होतं, आता १.३ वर आहे. पुढे पाच महिने पोसाकोनॅझोल, तेही बुरशीचंच औषध, रोज जेवणावर तीन गोळ्या.

आता मुद्दा. टाळूला भोक आहे, त्यावर प्लेट बसते. प्लेट काढली की चहा नाकातून येतो. बिनदातांचं जेवण जमतं मला, पिठलं-भात काय आणि मऊ पोळी काय. पण आवाज गेला हो. ३१ वर्षं स्टॉप पुकारले. आता 'परळ' म्हणायला जातो तर 'मरळ' ऐकू येतं. नातू विचारतो, आजोबा, मासा का? 'दादर'चं 'नानर' होतं. मंडळाच्या भजनात मी टाळ घेऊन मागे बसतो.

एका डॉक्टरांनी सुचवलंय की पायाचं हाड घेऊन जबडा बनवू, आठ-दहा तासांचं ऑपरेशन. दुसरे म्हणतात गालाच्या हाडात इम्प्लांट, म्हणजे दात धरणारे स्क्रू, ठोकू. खर्च दोन्हीकडे डोळे पांढरे करणारा. यातलं काही केलेलं कोणी आहे का इथे? आणि एक भीती. नाकात सकाळी खपल्या धरतात. ते परत येतंय म्हणायचं का?

---

साधा_माणूस, ठाणे

काका, नाकात रोज गाईचं तूप सोडा आणि हळदीचा काढा घ्या. बुरशी मुळापासून जाते. आमच्याकडे सगळे घेतात.

---

दंतवैद्य_गिरगाव

आधी वरच्या सल्ल्याबद्दल. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या आत शिरते, तिथे गुठळी होते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो मरतो. काळं दिसतं ते मेलेलं मांस. बुरशी स्वतः काळी नसते. जिथे रक्तच पोचत नाही तिथे शिरेतून दिलेलं औषधही पोचत नाही, म्हणून तर जबडा काढावा लागतो. तूप पोळीला लावा.

आता काका, तुमचं. मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे दात आणि प्लेटा बनवणारा. २०२१ नंतर असे बरेच पेशंट बघितले. पहिला प्रश्न: ही प्लेट कधीची आहे? २०२१-२२ ची असेल तर मला नवल वाटत नाही. जखम भरत जाते तशी पोकळी आक्रसते, आकार बदलतो, आणि जुनी प्लेट कडेने हवा सोडते. 'प' म्हणताना ओठ मिटून तोंडात हवेचा दाब धरावा लागतो. हवा भोकातून नाकात निसटली की ओठ मिटलेलेच राहतात आणि जे बाहेर पडतं ते 'म'. 'द'चा 'न' होतो तोही त्याच हिशेबाने. तुमच्या नातवाने अगदी बरोबर निदान केलंय.

घरी करून बघा. प्लेट लावून, नाक चिमटीत धरून 'परळ' म्हणा. नाक धरल्यावर नीट आलं तर हवा गळतेय. मग पुढे वाकून पाण्याचा घोट घ्या आणि नाकात उतरतं का बघा. भोक मागे पडजिभेकडच्या मऊ टाळूपर्यंत गेलं असेल तर मात्र गणित वेगळं. तो भाग बोलताना हलतो, त्यासाठी प्लेटला मागे वेगळी शेपटी काढावी लागते आणि स्पीच थेरपिस्ट शेजारी बसवून ती घासत घासत जमवावी लागते.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. पण पायाच्या हाडाने भोक कायमचं बुजतं, तेव्हा आत नजर टाकायची खिडकीही बंद होते. आता प्लेट काढून टॉर्च मारला की पोकळी दिसते, हा तुमचा फायदा आहे. शिवाय मधुमेहात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. त्या हाडाबरोबर तिथली रक्तवाहिनीही घेऊन मानेत जोडतात, त्यामुळे आधी पायाची अँजिओग्राफी लागेल. गालाच्या हाडातले इम्प्लांट चांगले चालतात, पण डाव्या गालाचं हाड किती शिल्लक आहे आणि निरोगी आहे का, हे सीटी बघितल्याशिवाय कोणी सांगू नये. आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, किती आहे? ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर आधी नवी प्लेट करून घेतली असती. तुम्हाला दात नको आहेत, आवाज हवाय, आणि आवाजाचा प्रश्न प्लेटवर बराच सुटू शकतो. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे आमचा विभाग आहे. जुनी प्लेट आणि ऑपरेशनचे कागद सोबत न्या.

खपल्यांचं: आतला ओलावा राखणारं अस्तरच काढलेलं असतं, त्यामुळे खपल्या धरणारच. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून दोन वेळा धुवा, नळाचं पाणी थेट नको. पण घाण वास, काळी खपली, पू, नव्याने बधिरपणा, डोळ्याला सूज, एकाचे दोन दिसणं किंवा उरलेले दात हलणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी ईएनटी गाठा. उरलेल्या हाडात संसर्ग दबून राहून उशिरा डोकं वर काढतो, हे घडलेलं आहे.

---

वहिनी_डोंबिवली

दादा, तुमचं वाचून थांबले थोडा वेळ. माझ्या मिस्टरांचा उजवा डोळा काढावा लागला, जून २०२१. टाळू वाचली. तुमच्या उलट.

सगळे चेहऱ्याचं विचारतात. पण घरात आमचं खरं भांडण चहावरून. एका डोळ्याने अंतर कळत नाही, किटलीतून ओततात ते कपाच्या बाजूला बशीत. आता किटलीची तोटी कपाच्या काठाला टेकवूनच ओततात, आपोआप. जिना उतरताना शेवटची पायरी अजून चुकते. लोकलचा प्रवास त्यांनी दीड वर्ष केला नाही, प्लॅटफॉर्म आणि डबा यामधली फट कळत नाही म्हणून. खरं कारण लोक बघतात हे होतं, ते त्यांनी नंतर सांगितलं. पापण्याही गेल्यात, त्यामुळे नुसता काचेचा डोळा बसत नाही. पापणीसकट सिलिकॉनचा केलाय, चष्म्याला जोडलेला. उन्हाळ्यात घामाने सुटतो, मग काळा चष्मा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला गेलो तर दुसरा डोळा चांगला म्हणून ३० टक्के, आणि सवलतींना ४० लागतात.

पोसाकोनॅझोल चालू होतं तेव्हा डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती, दोन्ही एकत्र चालत नाहीत म्हणाले. परत कधी ते औषध लागलं तर आपणहून सांगा, सगळ्यांच्या लक्षात राहत नाही.

ऑपरेशनचं आम्हाला विचाराल तर अजून हिंमत नाही. तेवढं बळ आता उरलेलं नाही दोघांतही. शुगर मात्र वहीत लिहिते, सकाळ-संध्याकाळ.

---

डबलडेकर, लालबाग

सगळ्यांचे आभार. सहा आठवड्यांनी लिहितोय. डॉक्टरसाहेब, एचबीए१सी ८.१ होतं, लाजून लिहिलं नव्हतं. नाक धरून 'परळ' म्हटलं आणि 'परळ'च आलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

प्लेट २०२२ ची होती. नवीन केली, चार फेऱ्या झाल्या. माप घेताना गुलाबी पेस्ट तोंडात भरतात, उलटी येते, पण चालतं. प्लेटचा भोकात बसणारा गोळा आधीच्यापेक्षा लहान आणि वर जास्त चढणारा आहे. ईएनटीने दुर्बिणीने बघितलं, आत स्वच्छ आहे म्हणाले, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. ऑपरेशनचा विचार एचबीए१सी ७ च्या खाली येईपर्यंत बाजूला ठेवलाय.

वहिनी, तोटी काठाला टेकवायची युक्ती आमच्या शेजारच्या काकूंना सांगितली, त्यांना मोतीबिंदू आहे.

'प' आणि 'ब' जमले. 'दादर' अजून 'नादर' होतं, पहिला 'द'च अडतो. प्लेट मागे डाव्या कोपऱ्यात घासते, तिथे फोड आलाय. गुरुवारी घासून घ्यायला जायचंय.