गिटारच्या फझ पेडलचा (आवाज खरखरीत, फाटका करणारी डबी) आवाज तुटतोय, तातडीने मदत हवी आहे

तारछेड_इंदूर: मंडळी, फझ फेस या जुन्या प्रसिद्ध पेडलच्या सर्किटवरून घरीच पेडल बनवलंय, सोल्डरिंग सगळं तपासून झालं, आधी झकास वाजत होतं आणि आता सूर फुरफुरत तुटतो, हळू वाजवलं तर काहीच येत नाही. शनिवारी कार्यक्रम आहे. नवीन पॉट (आवाजाचं फिरवायचं बटण) टाकू का?

गच्चीवरचा_अँप: पॉटचं नंतर. ट्रान्झिस्टर कुठले? बॅटरी की अडॅप्टर? आणि नेमकं कधी तुटतं?

तारछेड_इंदूर: एसी १२८, जर्मेनियमचे, जुन्या रेडिओतले. बॅटरी ९ व्होल्टची, नवीच आहे. दुपारी तुटतं, रात्री ठीक असतं, पण त्याचा काय संबंध?

माळवा_टोन: अरे भिया, जर्मेनियम कशाला घेऊन बसलास, सिलिकॉनचा बीसी १०८ टाक आणि मोकळा हो. मूळ कंपनीनेसुद्धा नंतर सिलिकॉनच वापरलं, माझं तसलंच आहे, मे महिन्यातही हूं की चूं नाही.

गच्चीवरचा_अँप: दादा, बीसी १०८ एनपीएन आहे, एसी १२८ पीएनपी, दोघांचे प्लस-मायनस उलटे. नुसतं बदलून कसं चालेल, बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळं उलटं करावं लागेल. शिवाय १९६६ च्या मूळ फझ फेसचा तो मऊ आवाज जर्मेनियमचाच, सिलिकॉन कानाला टोचतं.

माळवा_टोन: टोचत नाही, कडक वाजतं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनेपण वापरलंय.

रामबागचे_काका: आमच्या घरी असा रेडिओ होता, सिलोन लागायचं त्यावर. बाळा, माझ्या नातवाला गिटार शिकायचीय, नायलॉनच्या तारांची घ्यावी का स्टीलच्या?

गच्चीवरचा_अँप: काका, सुरुवातीला नायलॉन, बोटं सोलत नाहीत.
तारछेड, तुझा रोग उन्हाचा आहे. जर्मेनियममधून गळणारा करंट दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, मग बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरचं ठरवून दिलेलं व्होल्टेज, सरकतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर मल्टिमीटर लाव, उणे ४.५ व्होल्टच्या आसपास हवं. आणि मल्टिमीटरवरच्या गेनच्या (ट्रान्झिस्टर सिग्नल किती पट वाढवतो त्या) आकड्यावर जाऊ नकोस, गळतीमुळे तो फुगलेला दिसतो.

तारछेड_इंदूर: आत्ता उणे ७.४!!

गच्चीवरचा_अँप: मग झालं. त्या कलेक्टरचा ८.२ के (किलोओहम) रेझिस्टर काढ, तिथे २० के चा ट्रिमर (पेचकसने फिरवायचा रेझिस्टर) टाक, फिरवत ४.५ वर आण. जेल रोडला मिळेल.

पेडलबोर्ड_वडोदरा: बाकीच्या पेडलांच्या अडॅप्टरवर मात्र हे जोडू नकोस. पीएनपीत प्लस ग्राउंडला असतं, शॉर्ट होईल. वाह पेडल किंवा बफर (सिग्नल टिकवणारं सर्किट) असेल तर गिटारकडून येताना फझच्या नंतर ठेव, आधी ठेवलास तर किंचाळेल.

तारछेड_इंदूर: ट्रिमर टाकला, ४.६ वर आणला, कूलर बंद करूनही नीट वाजतंय!! गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज काय सुंदर साफ होतो, हेच हवं होतं मला. सगळ्यांचे आभार.

गच्चीवरचा_अँप: डबीला ट्रिमरसमोर एक भोक पाड आणि शनिवारी पेचकस जवळ ठेव, मंचावरच्या दिव्यांखाली परत सरकेल.

माळवा_टोन: सिलिकॉन टाकलं असतं तर हे भोक पाडावंच लागलं नसतं.