विषय: मंडळाचा लॅपटॉप, जुने फॉन्ट आणि परवानगी (तातडीचं)

मंडळी,
अंक शुक्रवारी छापायला द्यायचाय आणि नव्या लॅपटॉपवर आपलं जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर बसत नाहीये. सेटअप अर्ध्यावर गेलं की "रजिस्ट्रीत लिहिण्याची परवानगी नाही" म्हणून थांबतं. मग राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं, काकांना फोन करून पासवर्ड घेतला. सेटअप पूर्ण झालं. पण माझ्या लॉगिनमध्ये की-बोर्डची सेटिंग नाही, आणि काकांनी रविवारी घातलेले फॉन्टही नाहीत. त्यांच्याकडे म्हणे सगळं दिसतं. संध्याकाळी कोणी फोनवर आहे का?
– माई

—

माई, बदलाआधी परवानगी विचारणाऱ्या यूएसीचा स्लायडर पार खाली ओढा. तेवढ्यानं नाही भागलं तर सी ड्राइव्हच्या सिक्युरिटीत 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल द्या. मागे एका गणपती अंकाला मी हेच केलं होतं. पाच मिनिटांत काम झालं.
– नाना

—

नाना, कृपया हे नको. विंडोज ८ पासून स्लायडर खाली नेला तरी यूएसी पूर्ण बंद होत नाही. आणि सी ड्राइव्ह सगळ्यांना मोकळा केला तर कुठलाही प्रोग्रॅम काहीही बदलू शकतो. याच लॅपटॉपवर सभासदांचे पत्ते आहेत.

माई, काय झालंय ते सांगतो. हे सॉफ्टवेअर विंडोज ९८ च्या काळातलं. तेव्हा जो बसेल तो मशीनचा मालक, म्हणून ते बिनदिक्कत प्रोग्रॅम फाइल्समध्ये आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, लिहितं. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि ते दार बंद झालं. तुम्ही काकांचा पासवर्ड टाकलात, त्यामुळे सेटअप काकांच्या नावानं चाललं आणि की-बोर्डची सेटिंग त्यांच्या खात्यात गेली. फॉन्टांचंही तसंच: विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून नुसतं 'इन्स्टॉल' केलं की फॉन्ट त्या एका खात्यापुरता बसतो. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडावं लागतं.

आधी रिस्टोर पॉइंट करा, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येईल. मग माईंचं खातं तासाभरासाठी ॲडमिन करायचं, लॉग आउट करून परत आत यायचं, सेटअप चालवायचं, आणि खातं पुन्हा साधं करायचं. शेवटी फक्त त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरवर 'यूजर्स'ना 'मॉडिफाय', म्हणजे फाइली बदलायची परवानगी, द्यायची. बाकी कशालाही हात लावायचा नाही.
– अण्णा

—

पासवर्ड फोनवर सांगायचा नाही हे मागच्या सर्वसाधारण सभेत ठरलंय. खातं ॲडमिन करायचं असेल तर समितीला आधी कळवा. माझी पावत्यांची फाइल त्याच लॅपटॉपवर आहे.
– वहिनी

—

अजून हे सॉफ्टवेअर कशाला? सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतात, करा. विंडोज २००० पासून मराठी लिहिता येतं.
– एक नवा सभासद

—

जुन्या लेखांचं काय करायचं? ते जुन्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. मी गेल्या वर्षी एक लेख कन्व्हर्टरमधून काढला. सगळे रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले, आणि मूळ शब्द 'सुर्‍या' होता की 'सूर्या', ते वाक्य वाचून ठरवावं लागलं. एका आजींच्या चार पानांना दोन रात्री गेल्या. नवे लेख जरूर युनिकोडमध्ये द्या, पण या अंकात नको.
– माई

—

अण्णा, कालपासूनची एक गोष्ट विचारायची राहिली. या सॉफ्टवेअरच्या शब्दयादीत मी साठेक आडनावं घातली होती. डबल क्लिकनं उघडलं की असतात, ॲडमिन म्हणून उघडलं की गायब.
– माई

—

गेली नाहीत. साध्या खात्याला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिता येत नाही, म्हणून विंडोज गुपचूप तुमच्यापुरती वेगळी प्रत करतं. ॲडमिन म्हणून उघडलं की मूळ फाइल दिसते. तुमच्या यूजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोर असं जा. तिथली यादी आधी पेनड्राइव्हवर घ्या, मगच सेटअप परत चालवा. मॉडिफाय देऊन झालं की ती मूळ जागी टाका आणि व्हर्च्युअलस्टोरमधली काढून टाका, नाहीतर प्रोग्रॅम तीच उघडत राहील.
– अण्णा

—

सापडली! आडनावं सगळी आहेत. वहिनींसमोर बसूनच खातं बदललं आणि परत साधं केलं. पावत्यांची फाइल उघडते, त्यांनी स्वतः बघितली. नाना, उद्या सकाळी मुद्रितशोधनाला येता का? पहिली सोळा पानं तयार आहेत.
– माई