कादंबरीतलं श्वापद जिवंत वाटत नाहीये, सल्ला हवा

कोरं_पान: गुहेत राहणारं श्वापद लिहितोय. ४० फूट लांब, सहा पाय, पाठीवर पंख, तोंडातून आग. मित्राला खर्डा वाचायला दिला तर म्हणाला, "भीती नाही वाटली. नायक समोर नसतो तेव्हा हे दिवसभर करतं काय?" गप्पच बसलो. सुरुवात कुठून करू?

निशाचर: पोटापासून. दात नंतर. एवढं धूड रोज खायला लागलं तर आसपासचं रान बघता बघता रिकामं होईल. एकतर त्याला भटकतं ठेवा, नाहीतर मगरीसारखं थंड रक्ताचं करा. मोठी मगर पोटभर खाऊन कित्येक महिने काढू शकते. असं जनावर नायकाकडे एक डोळा उघडून बघेल आणि पुन्हा मिटून घेईल. मला तरी तेच जास्त अंगावर येतं. डरकाळ्या काय, सगळेच फोडतात.

हाडवैद्य: वजनाचं काय? लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की हाडांची ताकद चौपट होते, वजन मात्र आठपट. गॅलिलिओने १६३८ मध्येच हे मांडून ठेवलंय. हत्तीचे पाय खांबासारखे असतात ते उगाच नाही. आणि पक्षी काय, वटवाघूळ काय, पंख म्हणजे त्यांचे पुढचे पायच. तुमच्याकडे सहा पाय असून वर पंख! माझं ऐकाल तर पंख छाटा. सहा पाय ठेवायचेच असतील तर त्याच रानात सहा पायांचे लहानसहान भाऊबंदही दिसू देत.

कोरं_पान: पंख छाटले. आग मात्र जीव गेला तरी सोडणार नाही :)

निशाचर: उकळता फवारा चालेल? बॉम्बार्डियर भुंगेरा पोटातली रसायनं दुसऱ्या कप्प्यातल्या विकरांवर सोडतो आणि जवळपास १०० अंश सेल्सिअसचा फवारा मारतो. शिवाय साठा कधीतरी संपणारच. नायकाला तेवढीच फट.

गोचीड: फार चकचकीत आहे हो तुमचं जनावर. एखादा सुळा तुटका, पापणीच्या कडेला गोचिडी, असं काहीतरी येऊ द्या. घुबड न पचलेली हाडं-केस गोळा करून ओकतं ना, तसा डोक्याएवढा गोळा गुहेच्या तोंडाशी टाका. नायक काठीने फोडतो. आत खूर, केसांचा पुंजका आणि पट्ट्याचं बक्कल.

कोरं_पान: बक्कल ढापलं! पण श्वापद थेट तिसऱ्या प्रकरणात दिसतं. गोळा ओला ठेवू की सुकलेला?

गोचीड: मग सुकलेलाच. ओला ठेवलात तर पुढच्या पानावर ते यायलाच हवं.