अंग राखणं की अंग चोरणं?

मूळ प्रश्न

एकदिवसीय सायकल शर्यतींचे अंदाज मी दर वसंतात मराठीत लिहितो. वाचणारे मोजून दहा-बारा, पण शब्दाला शब्द लावून भांडणारे सगळेच. परवा एका स्पर्धकाबद्दल लिहिलं, "पळालेल्या टोळीत तो असेल, पण शेवटच्या चढापर्यंत अंग चोरून बसेल." त्यावर एका मित्रानं फैलावर घेतलं. त्याचं म्हणणं असं की या गड्याचा म्होरक्या, म्हणजे ज्याच्यासाठी सगळा संघ राबतो तो, मागच्या घोळक्यात आहे, मग यानं पुढे राबायचंच कशाला? तो चोरी करतच नाही, तेव्हा शब्द बदल.

बदलून काय लिहू?

ज्यांनी या शर्यती पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. समोरचा वारा पहिला सायकलस्वार कापतो. त्याच्या चाकामागे हातभर अंतरावर जो असतो त्याला तोच वेग ठेवायला खूपच कमी ताकद लागते, सुमारे एक तृतीयांश वाचली तरी नवल नाही. म्हणून पाच जण घोळक्यातून सुटले (हीच पळालेली टोळी) की प्रत्येक जण थोडा वेळ पुढे येतो, वारा खातो, बाजूला सरकतो आणि रांगेच्या शेपटाला लागतो. एखादा मात्र पुढे येतच नाही. पुढचा कोपर हलवून ‘ये की’ म्हणून खुणावतो आणि हा नुसती मान हलवतो. त्या मान हलवण्याला मराठीत काय म्हणायचं, एवढाच प्रश्न आहे.

उत्तर

चाकचिकट्या! नाहीतर आयतोबा. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण अशा माणसासाठीच घडवली असावी. २०१९ची ॲमस्टेल गोल्ड शर्यत आठवा. आलाफिलिप आणि फुगलसांग पुढे होते, दोघं एकमेकांकडे बघत बसले आणि मागून व्हॅन डर पूल आला आणि जिंकून गेला. नागोबाच की तो.

उत्तर

नाही हो, ती म्हण तिथे अजिबात बसत नाही. नागोबा म्हणजे दुसऱ्यानं खणलेल्या बिळात जाऊन बसणारा. त्या दिवशी व्हॅन डर पूल पाठलाग करणाऱ्या गटाच्या तोंडाशी होता, वारा स्वतः खात होता आणि इतर सगळे त्याच्या चाकाला. अंतिम धावही, म्हणजे रेषेपर्यंतची शेवटची झेप, त्यानं तिथूनच, पुढूनच सुरू केली. सायमन क्लार्क दुसरा आला, फुगलसांग तिसरा, आलाफिलिप चौथा. बीळ त्यानंच खणलं आणि त्यातच तो राहिला. पुढच्या दोघांसाठी म्हण हवीच असेल तर ‘दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही घ्या.

तीच म्हण २०२२च्या टूर ऑफ फ्लँडर्स शर्यतीला आणखी चपखल लागते. पोगाचारची ती पहिलीच फ्लँडर्स. ओउडे क्वारेमाँट नावाच्या चढावर त्यानं सगळ्यांना मागे टाकलं, फक्त व्हॅन डर पूल तेवढा टिकला. पाटरबर्ग नावाचा चढ जेमतेम ३६० मीटरचा, पण कुठे कुठे २० टक्के तिरका, तिथेही हे दोघं बरोबरच. शेवटच्या किलोमीटरला दोघांनी वेग इतका पाडला की मागून व्हॅन बार्ले आणि मादुआस येऊन थडकले. धाव सुटली तेव्हा पोगाचारला वाटच मिळेना. व्हॅन डर पूल जिंकला आणि दिवसभर सगळ्यांना रडवणारा पोगाचार चौथा आला.

त्या शेवटच्या किलोमीटरला दोघंही अंग राखत होते, चोरत कुणीच नव्हतं. मला वाटतं मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जे दुसऱ्याला देणं लागतं ते न देणं म्हणजे चोरणं. आपलं आहे ते पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेवणं म्हणजे राखणं. राखीव, राखण, राखणदार, सगळे त्याच कुळातले शब्द.

मूळ प्रश्नकर्ता

फरक पटला, पण वापरात तो टिकतो का? ‘अंग राखून काम करतो’ असं आपण कुणाबद्दल म्हणतो तेव्हा कौतुक करत नसतो.

उत्तर

खरं आहे. कामाच्या ठिकाणी दोन्ही शिव्याच. पण कोण कुणाचं देणं लागतो हे तिथे ठरलेलं असतं. शर्यतीत ते दर पाच मिनिटांनी बदलतं, म्हणून तिथे हे दोन शब्द वेगळे ठेवावेच लागतात. तीन माणसं डोळ्यांसमोर आणा.

पहिल्याचा सोबती पुढे पळालेला आहे आणि हा पाठलाग करणाऱ्यांत आहे. यानं पुढे येऊन राबणं म्हणजे स्वतःच्याच सोबत्याला पकडून देणं. याच्यावर कुणाचंही काही देणं नाही. हा राखतोही नाही आणि चोरतही नाही, हा ‘बसून आहे’. तुमच्या मित्राचा मुद्दा थोडा वेगळा, म्होरक्या मागे असल्याचा, पण तोही याच खात्यात पडतो.

दुसरा टोळीतला सगळ्यात वेगवान धावणारा. शेवटी तोच जिंकणार हे बाकीचे जाणून आहेत, म्हणून ते म्हणतात, तूच ओढ. तो थोडं ओढतो, थोडं नाही. हे अंग राखणं.

तिसऱ्याचा सोबती पुढे नाही, म्होरक्या मागे नाही, पायात ताकद आहे, जिंकायचं आहे आणि तरीही तो पुढे येत नाही. चोर तो एवढाच.

पंचाईत अशी की दुसरा आणि तिसरा पडद्यावर सारखेच दिसतात. कोण कोणता ते शेवटच्या २०० मीटरला कळतं. आणि अंदाज तर तुम्ही आदल्या रात्री लिहिता.

उत्तर

यात एक शब्द राहून गेला, ‘हातचं राखणं’. बेरीज मांडताना आपण ‘हातचा एक’ म्हणून पुढच्या घरासाठी ठेवतो. तो एक कुणाचा चोरलेला नसतो, वाया गेलेलाही नसतो, पुढच्या रकान्यात तो उतरायचाच असतो. उतरला नाही तर उत्तर चुकतं. शेवटच्या चढासाठी राखलेल्या ताकदीला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. बोलताना त्यातही थोडा आडपडदा येतो, ‘हातचं राखून सांगितलं’ म्हणजे सगळं सांगितलं नाही. पण सायकलवर आडपडदा असतोच की.

एका संघाकडे तीन हातचे असून बेरीज चुकल्याची दोन उदाहरणं माझ्या कायम लक्षात आहेत. २०१५ची ओमलूप शर्यत. पुढे चौघं, त्यात बोनेन, टेर्पस्ट्रा आणि व्हांडेनबर्ख हे तिघं एकाच संघाचे, चौथा इयन स्टॅनर्ड एकटा. जिंकला स्टॅनर्ड. बरोबर दहा वर्षांनी, २०२५च्या ड्वार्स डोर फ्लाँडरनमध्ये पुन्हा तेच. व्हॅन आर्ट, बेनोट आणि जॉर्गेनसन एका संघाचे, समोर एकटा नीलसन पाउलेस. तिघांनी आळीपाळीनं हल्ले करून पाउलेसला दमवायचं, हे पोरसवदा प्रेक्षकालाही सुचलं असतं. एकानं पळायचं, पाउलेसनं धावत जाऊन धरायचं, तेवढ्यात दुसऱ्यानं पळायचं. दोन-तीनदा झालं की त्याचे पाय संपले असते. पण व्हॅन आर्टच्या अंतिम धावेवर भिस्त ठेवून तिघंही नाकासमोर ओढत राहिले आणि पाउलेसनं ती धावच मारली.

उत्तर

पुढे येऊन वारा खाण्याच्या पाळीला काय म्हणता? मी ‘पाळी’ लिहीत होतो. ‘त्यानं आपली पाळी घेतली’ हे वाक्य वाचून घरात जे हसू झालं त्यानंतर सोडून दिलं.

मूळ प्रश्नकर्ता

‘आळीपाळीनं’ चालतं, एकटी ‘पाळी’ खटकते, हे खरं. मी ‘खांदेपालट’ वापरतो. जड ओझं वाहताना एकाचा खांदा दुखायला लागला की दुसरा खाली शिरतो आणि ओझं न थांबता पुढे जातं. टोळीत नेमकं हेच होतं. ओझं वाऱ्याचं, एवढाच फरक.

उत्तर

खांदेपालट वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर मंत्रिमंडळ येतं.

उत्तर

आणि माझ्या डोळ्यांसमोर तिरडी. पण शब्द सोडू नका. वर्तमानपत्रांनी तो बदल्यांसाठी वापरून झिजवला, तरी मूळ अर्थ अजून कुणालाही दोन वाक्यांत समजावता येतो. शिवाय त्यात एक गोष्ट आहे जी ‘पाळी’त नाही. वाहणाऱ्यांचं आपापसांत पटत नसलं तरी ओझं खाली पडू द्यायचं नाही, हा करार. टोळीतले पाचही जण एकमेकांचे शत्रू असतात, १० किलोमीटर राहिले की एकमेकांना संपवायला निघतात, पण तोवर इमानानं खांदा देतात. आपल्याकडे संघात खेळण्याचे शब्द ढिगानं आहेत, कुस्तीतही समोरच्याला पाडायचे शब्द वाटेल तेवढे. शत्रूबरोबर काही तास भागीदारी करण्याचा शब्द मात्र कबड्डीत नाही, खो-खोत नाही. ‘खांदेपालट’ ती जागा भरतो.

उत्तर

खेळांचा विषय निघालाच आहे तर ‘चढाई’ हा शब्द जपून वापरा. कबड्डीत चढाई म्हणजे हल्ला. सायकलीत हल्ला बहुतेकदा चढावरच होतो, त्यामुळे ‘पोजिओवर (मिलान-सान रेमो शर्यतीतला शेवटचा चढ) त्यानं चढाई केली’ या वाक्यात तो नुसता चढला की सगळ्यांना सोडून सुटला ते कळतच नाही. मी ‘मुसंडी’ लिहितो. मान खाली आणि सगळा जोर एका दमात, हे चित्र त्यात आपोआप येतं.

‘गडी’ मात्र बिनधास्त घ्या. म्होरक्यासाठी वारा खाणाऱ्या, पाणी आणून देणाऱ्या, स्वतःचं चाक काढून देणाऱ्या सायकलस्वाराला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ सरळसरळ घरचा नोकर. आपला ‘गडी’ दोन्ही अर्थांनी चालतो, घरगडीही गडी आणि खेळातला भिडूही गडी. सात जणांच्या संघात सहा गडी एकासाठी राबतात आणि तरी सातही जण गडीच. ही सोय दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. (असली तर सांगा, मी शब्द मागे घेईन.)

मूळ प्रश्नकर्ता

अंदाज लिहिताना माझी खरी अडचण वेगळीच आहे, क्रियापदाची. ‘पोगाचार जिंकेल’ आणि ‘पोगाचार जिंकणार’ यांत मी सरमिसळ करतो आणि शर्यत झाल्यावर वाचणारे धरतात.

उत्तर

त्यांचं बरोबर आहे. ‘जिंकेल’मध्ये पळवाट आहे, ‘जिंकणार’मध्ये नाही. ‘जिंकणार’ लिहायचं तर आधाराला काहीतरी हवं. फ्लँडर्समध्ये पोगाचार २०२३ला जिंकला, २०२५ला जिंकला, दोन्ही वेळा शेवटच्या क्वारेमाँटवर सगळ्यांना मागे टाकून एकटाच आला. २०२२चा धडा त्यानं असा घेतला की शेवटच्या किलोमीटरला कुणी सोबत उरूच द्यायचं नाही. तिथे ‘जिंकणार’ शोभतं. मिलान-सान रेमोला शोभत नाही. जवळपास ३०० किलोमीटर आणि शेवटचा पोजिओ चार किलोमीटरसुद्धा नाही, तोही फारसा तिरका नाही. तिथे २०२५ला त्यानं पोजिओच्या आधीच, चिप्रेसा नावाच्या चढावर मुसंडी मारून पाहिली. व्हॅन डर पूल आणि गान्ना सुटले नाहीत आणि धावेत हा तिसरा आला.

आणि ‘जिंकावा’ तर मुळीच लिहू नका. ‘या वेळी तो जिंकावा’ हा अंदाज की नवस, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अर्धे वाद त्या एका ‘आवा’मुळे होतात.

नामांचंही बघा. ‘भाकीत’मध्ये भविष्य सांगणाऱ्याचा आव आहे, ‘होरा’ तर पत्रिकेतूनच आलेला. ‘अटकळ’ मला आवडतो, कारण ती बांधणाऱ्याला ती चुकू शकते हे मान्य असतं. ‘आडाखा’ अनुभवी माणसाचा, चार शर्यती पाहिल्याशिवाय तो बांधता येत नाही.

उत्तर

चार काय, चाळीस पाहिल्या तरी आडाखे चुकतात. टोकियो ऑलिम्पिकमधली स्त्रियांची शर्यत, २०२१ची, १३७ किलोमीटर. नेदरलँड्सच्या चौघी, चारही जगातल्या अव्वल. ऑस्ट्रियाची आना कीसनहोफर मात्र संघाविना, एकटी. ती सुरुवातीलाच आणखी चौघींबरोबर सुटली. नेहमीचा ठोकताळा काय? पळालेल्यांना उन्हात तापू द्या, शेवटी पकडा. मुख्य घोळक्यातून कुणी मनापासून खांदा दिलाच नाही, डच चौघी ओढतील म्हणून बाकीच्या अंग राखत होत्या. शेवटचे ४० किलोमीटर राहिले तेव्हा कीसनहोफरनं उरलेल्या दोन सोबतिणींनाही सोडलं.

ऑलिम्पिकमध्ये कानात रेडिओ लावायला बंदी असते, त्यामुळे पुढे अजून कोण आहे हे कुणी कानात सांगत नाही. शर्यत संपता संपता घोळक्यानं त्या दोघींना गाठलं आणि पुढचा रस्ता मोकळा असल्याचा हिशेब झाला. अनेमिक व्हॅन फ्लूटन शेवटी एकटी निसटली आणि सुवर्ण मिळालं या आनंदात हात उंचावून रेषा ओलांडली. कीसनहोफर तिच्या ७५ सेकंद आधी येऊन गेली होती.

एक सोडून सगळ्यांना मोजलं. वर कुणीतरी हातच्याचं लिहिलंय ना, तोच हातचा बेरजेत धरायचा राहिला. आणि जिनं गणित चुकवलं ती गणितात डॉक्टरेट केलेली.

मूळ प्रश्नकर्ता

वाक्य बदललं: "पळालेल्या टोळीत तो असेल, खांदेपालटीत नावापुरता येईल, कारण म्होरक्या मागे आहे, शेवटच्या चढावर हातचं काढेल आणि जिंकावा."

उत्तर

सगळं चालेल. ‘जिंकावा’ काढा.